तान्ह्या लेकरांचे मृत्यू आणि मराठवाड्यातल्या आदिवासी वस्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशाताईंच्या प्रशिक्षणात, ग्रामसभेत, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडून, कधी पत्रकारांकडून तेच तेच प्रश्न येतात. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं उत्तर लांबलंय.

अर्भकमृत्यू, नवजात मृत्यू, बालमृत्यू हे सगळं एकच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. जन्मल्यापासून 28 दिवसांच्या आत लेकरू गेलं तर तो नवजात मृत्यू. पहिल्या वाढदिवसाच्या आत गेलं तर अर्भकमृत्यू, म्हणजे नवजात मृत्यू यातच आले. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत गेलं तर बालमृत्यू, आणि यात आधीचे दोन्ही आले. तिन्ही दर हजार जिवंत जन्मांमागे मोजतात. बातमीत ‘बालमृत्यू’ हा एकच शब्द तिन्हींसाठी वापरतात, त्यामुळे दोन बातम्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आदिवासींमध्ये दर किती आणि एकूण लोकसंख्येत किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019-21 ची. तिच्यानुसार देशाचा अर्भकमृत्यू दर 35.2 आणि अनुसूचित जमातींचा 41.6. पाच वर्षांखालचा दर देशाचा 41.9, जमातींचा 50.3. पहिल्या 28 दिवसांचा दर देशाचा 24.9, जमातींचा 28.8.

देशाच्या सरासरीत आदिवासी लेकरंही मोजलेली आहेत. ती बाजूला काढून तुलना केली तर फरक याहून मोठा दिसेल.

पण दर कमी होतोय ना? मग तक्रार कसली?

कमी होतोय, नक्कीच. आदिवासींच्या आरोग्यासाठी केंद्राने 2013 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल 2018 मध्ये आला. त्यात 1988 ते 2014 या काळात आदिवासींचा अर्भकमृत्यू दर 90 वरून 44 वर आल्याचं नोंदवलंय. निम्म्याहून जास्त घट झाली, आणि ती काही आपोआप झालेली नाही. लस, मीठ-साखरेचं पाणी, रस्ते, बायकांचं शिक्षण या सगळ्यांचा त्यात हात आहे.

पण बाकीच्यांचा दर त्याहून वेगाने उतरतोय. 2015-16 च्या चौथ्या पाहणीत देशाचा दर 40.7 होता आणि आदिवासींचा 44.4, म्हणजे अंतर 3.7. पाचव्या पाहणीपर्यंत देशाचा दर साडेपाचाने उतरला, आदिवासींचा तीनाच्याही आत, आणि अंतर 6.4 झालं. एकाच बसमधून निघालेल्यांपैकी काही जण मधल्याच थांब्यावर उतरून राहावेत, तसं हे आहे. पाहणीच्या आकड्यांत थोडं मागेपुढे होतं हे धरलं तरी दरी मिटतेय असं म्हणायला जागा नाही.

ही दरी नेमकी कोणत्या वयात आहे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

2005-06 ची तिसरी पाहणी काढून बघा. तेव्हा पहिल्या महिन्याचा दर आदिवासींमध्ये 39.9 होता आणि देशात 39, म्हणजे जवळपास सारखाच. फरक पडायचा तो पहिल्या वाढदिवसानंतर. वर्षाच्या पुढे जगलेल्या हजार आदिवासी लेकरांपैकी सुमारे 36 पाचव्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती. देशात हा आकडा 18 च्या आसपास होता, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग सोडून उरलेल्यांत 11 च्या. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये याच पाहणीवरून दाखवलं की ग्रामीण भागातल्या जन्मांत आदिवासींचा वाटा सुमारे 11 टक्के, पण एक ते चार वर्षं वयाच्या मृत्यूंत 23 टक्के. लेकरू जन्मताना फारसं मागे नसायचं. ते मागे पडायचं आईच्या अंगावरून उतरून स्वतःच्या पायावर चालायला लागल्यावर. गोवर, हगवण, न्यूमोनिया आणि रिकामं ताट यांनी ते जायचं.

आता पाचव्या पाहणीतले आकडे वजा करून बघा. पाच वर्षांखालचे 50.3 आणि त्यातले पहिल्या वर्षातले 41.6. उरतात नऊच्या आसपास. कुठे 36 आणि कुठे 9! ही मोठी गोष्ट आहे, आणि ती घडवणाऱ्या अंगणवाडीताई आणि नर्सबाईंना तिचं श्रेय कुणी फारसं दिलेलं नाही.

पण याच काळात पहिल्या महिन्यातली दरी, जी तेव्हा नव्हती, ती उघडली. 39 आणि 39.9 चे आता 24.9 आणि 28.8 झालेत. बाकीच्यांच्या लेकरांना नवजात कक्ष मिळाले, वेळेवर सिझेरियन मिळालं, जन्मल्याबरोबर श्वास चालू करून देणारे हात मिळाले. पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात), वाडीवरच्या लेकराला ते तितकंसं मिळालं नाही. आदिवासींमध्ये वर्षाच्या आत जाणाऱ्या दर दहा लेकरांपैकी सात आता पहिल्या 28 दिवसांतच जातात. आपलं लक्ष मात्र अजून वजनकाट्यावर आणि दोन वर्षांच्या कुपोषित लेकराच्या फोटोवर आहे. तेही हवंच, पण मरण आता बाळंतिणीच्या खोलीत सरकलंय.

महाराष्ट्राचा दर 16 असं वाचलं. तुम्ही वेगळंच सांगताय?

दोन वेगवेगळी मापं आहेत. नमुना नोंदणी पद्धतीत ठरावीक गावं आणि वॉर्डांतले जन्म-मृत्यू सतत टिपतात. तिच्यात 2020 साली महाराष्ट्राचा दर 16, देशाचा 28 आणि केरळचा 6 होता. कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना मागच्या पाच वर्षांतल्या बाळंतपणांबद्दल विचारतात. तिच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा दर 23 आला, आणि चौथ्या फेरीत 24 होता, म्हणजे राज्य जवळपास जागच्या जागी. एका मापाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून ‘घटला’ किंवा ‘वाढला’ म्हणू नये, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतील.

मराठवाड्यात आदिवासी आहेत तरी कुठे?

हा प्रश्न मला पुण्या-मुंबईकडच्यांनीच नाही, नांदेड शहरातल्या माणसांनीसुद्धा विचारलाय.

नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, परधान आणि आंध राहतात. पैनगंगेच्या अलीकडचा हा जंगलाचा पट्टा. हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी, औंढा नागनाथ आणि परभणीत जिंतूरकडे आंध. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सोयगाव, वैजापूरकडे भिल्ल आणि ठाकर, जालन्यातही भिल्ल वस्त्या आहेत. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचं प्रमाण हिंगोलीत सुमारे साडेनऊ टक्के, नांदेडला सुमारे साडेआठ, औरंगाबादेत चारच्या आत आणि बाकी जिल्ह्यांत दोनच्या आगेमागे होतं.

आता यातली मेख. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं अनुसूचित क्षेत्र मराठवाड्यात फक्त किनवटच्या बाजूला आहे. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, पण अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्र म्हणून येणाऱ्या योजना, उदाहरणार्थ गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना, नकाशाच्या रेघेवर अडखळतात. त्यातही कोलाम आणि गोंडांची भाषा वेगळी, म्हणून ते निदान डोळ्यात भरतात. आंध मराठीच बोलतात. दवाखान्यात आलेली आंध बाई ‘आदिवासी’ म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. तज्ज्ञ समितीनेही हेच म्हटलंय की देशातले निम्म्याहून जास्त आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात.

मग मराठवाड्यातल्या आदिवासींचा वेगळा दर किती?

तसा दर कुठेच छापला जात नाही. नमुना नोंदणी जमातवार दर देत नाही आणि जिल्हावारही देत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रकांत अर्भकमृत्यू दराचा रकानाच नाही. कुणी ‘किनवटचा दर अमुक’ असं छातीठोक सांगितलं तर आधी विचारा की जन्म किती मोजले आणि कुणी मोजले. मेळघाटची बातमी होते कारण तिथे तीस वर्षं कुणीतरी मोजत आलंय, कोर्टात गेलंय. इथल्या वस्त्यांच्या वाट्याला तो त्रासदायक हिशेबनीससुद्धा आलेला नाही.

आमच्या वाडीत वर्षात 20 जन्म झाले, एक लेकरू गेलं. म्हणजे दर 50?

गणिताने 50, पण त्याला अर्थ नाही. पुढच्या वर्षी कुणी गेलं नाही तर दर शून्य होईल, म्हणून वाडी केरळच्या पुढे गेली असं होत नाही. इतक्या लहान ठिकाणी दर काढू नका. प्रत्येक मृत्यूची गोष्ट लिहा: कधी कळा सुरू झाल्या, गाडीला फोन कधी केला, गाडी कधी आली, वजन किती होतं, कोणत्या दिवशी दूध सोडलं. पाच वर्षांच्या अशा दहा गोष्टी शेजारी ठेवल्या की काय चुकतंय ते आकड्याशिवाय दिसतं.

तांड्यावरची लेकरं यात मोजतात का?

महाराष्ट्रात नाही. बंजारा इथे विमुक्त जातीत येतात, पलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातीत. किनवटहून आदिलाबादकडे गेलं की तोच समाज, तीच बोली, आणि सरकारी रकाना दुसरा. आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही. फक्त एवढंच, की आरोग्याच्या अडचणी बघायला गेलं तर तांडा आणि पोड यांच्यात फार अंतर नाही, आणि ‘आदिवासी’ आकड्यात तांड्याचं दुःख येत नाही.

पहिल्या महिन्यात लेकरं जातात कशाने?

मुख्य कारणं तीन. दिवस भरायच्या आत किंवा फार कमी वजनाचं जन्मणं, जन्मताना श्वास गुदमरणं, आणि जंतुसंसर्ग. अडीच किलोच्या खालचं लेकरू कमी वजनाचं. 1800 ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला नवजात कक्षात, आपल्याकडे म्हणतात तसं ‘पेटीत’, ठेवावं लागतं. पेटी जिल्ह्याला. आणि नांदेड किनवटपासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढेच. वाटेत लेकरू गार पडलं तर पेटीपर्यंत पोचूनही उपयोग होत नाही. म्हणून नेताना आईच्या उघड्या छातीला लावून, वर पदर-शाल गुंडाळून न्यायचं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. तिला पैसा लागत नाही, वीजही लागत नाही. तरी मी अनेकदा पाहिलंय की लेकरू मावशीच्या मांडीवर टॉवेलात आणि आई मागच्या गाडीत.

लेकराचं वजन आईच्या वजनावर ठरतं, आणि आईचं वजन तिच्या लग्नाच्या वयावर. पाचव्या पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुली राज्यात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7 आणि परभणीत 48. हे सर्व समाजांचे आकडे आहेत, फक्त आदिवासींचे नाहीत. या बाबतीत आदिवासींकडे बोट दाखवायला मराठवाड्याला तोंड नाही.

आता तर बाळंतपणं दवाखान्यातच होतात. तरीही?

राज्यात जवळपास 95 टक्के बाळंतपणं संस्थेत होतात, हे खरं. पण दवाखान्यात जन्मणं आणि दवाखान्यात सांभाळलं जाणं या दोन गोष्टी आहेत. उपकेंद्रात रात्री बाळंत झालेली बाई सकाळी घरी निघते, कारण घरी दोन लेकरं आणि शेळ्या आहेत. पहिले दोन दिवस, जे सगळ्यात धोक्याचे, ते घरीच जातात. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ची सोय आहे. कळा सुरू व्हायच्या आधी काही दिवस येऊन राहता येतं. जिथे जेवण नीट मिळतं आणि सोबतच्या लेकराला जागा असते तिथे बायका येतात. जिथे नसते तिथे ती खोली सामान ठेवायला वापरली जाते.

मूळ कारण अंधश्रद्धाच ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच हवं असतं. चीक पिळून टाकणं, बेंबीला काहीबाही लावणं, पोट फुगलं म्हणून चटके देणं हे वाईटच, आणि ते थांबलं पाहिजे. पण मी पाहिलेल्या मृत्यूंत रस्त्यावर आणि वाट बघण्यात गेलेले तास भगतापेक्षा जास्त निघाले. एका पोडावर पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यामुळे गाडी अलीकडेच थांबली आणि बाळंतिणीला बाजेवर घालून आणलं. लेकरू वाटेतच गेलं. कागदावर ‘उशिरा आणले’ असं लिहिलं गेलं. कुणी उशीर केला, हे त्या रकान्यात मावत नाही.

आणि सगळंच जुनं टाकाऊ नसतं. बाळंतिणीला उबदार खोलीत ठेवणं शहाणपणाचंच आहे. त्या खोलीतला शेगडीचा धूर तेवढा बाहेर काढा.

यावर काही उपाय खरोखर चालल्याचा पुरावा आहे का?

आहे, आणि तो आपल्याच राज्यातला, गडचिरोलीतला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. लेकरू जन्मताच वजन करणं, श्वास अडला तर मुखवट्याने श्वास देणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. मोठमोठ्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी. ना पेटी, ना हॉस्पिटल, सातवी-आठवी शिकलेली बाई आणि एक पिशवी.

त्यावरूनच 2011 मध्ये देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्म झाला असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा, घरी झाला असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. पण देशभर नेताना इंजेक्शन गळालं आणि फॉर्म वाढले. मूळ प्रयोगात जीव होता तो त्या बाईच्या हातातल्या अधिकारात. त्यामुळे घरभेटीला गेलेल्या ताईचा काटा बंद असेल तर ती भेट नव्हे, सही आहे.

मराठवाड्यात असं काही झालं का?

झालं, आणि आपण ते विसरलोय. 2002 च्या सुमारास औरंगाबाद विभागात तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी प्रत्येक लेकराचं खरं वजन करायचा आग्रह धरला आणि महसूल, आरोग्य, अंगणवाडी यांना एका टेबलावर बसवलं. त्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. त्याचं कार्यालय औरंगाबादेतच होतं.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं काय?

दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. या सहा महिन्यांत गरोदर बाई गावच्या आशाताईच्या यादीत असते आणि कारखान्याच्या गावच्या यादीत नसते. फडात जन्मलेलं लेकरू फडातच गेलं तर दोन्हीकडे नोंद होत नाही. आदिवासी कुटुंबंही यात आहेत, वीटभट्टीवर जाणारीही आहेत. निघताना आई आणि बाळाचं कार्ड पिशवीत टाका, आणि ताईंनी जिथे जाणार त्या गावचं नाव वहीत लिहून ठेवावं.

सिकलसेलने तान्ही लेकरं जातात का?

पहिल्या काही महिन्यांत सहसा नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन तोवर लेकराला सांभाळतं. त्रास सहा महिन्यांच्या आगेमागे सुरू होतो. गोंड, परधान, भिल्ल यांच्यात हा आजार आढळतो, म्हणून तपासणी लवकर हवी. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै 2023 पासून सुरू आहे.

श्रीमंत देशांतल्या मूलनिवासींचं तरी बरं असेल?

अमेरिकेत 2022 मध्ये गोऱ्यांचा अर्भकमृत्यू दर 4.5 आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा 9 च्या वर, म्हणजे दुप्पट. ऑस्ट्रेलियाने 2008 मध्ये पाच वर्षांखालच्या मृत्यूंतली दरी दहा वर्षांत निम्मी करायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. दर आपल्यापेक्षा कितीतरी कमी, पण दरी तशीच. पैसा आला की दरी आपोआप बुजेल असं मानणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात 12 बाळं गेली होती. तो दर काय म्हणायचा?

ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि त्यात 12 नवजात होती, हे खरं. पण रुग्णालयातल्या मृत्यूंवरून दर निघत नाही. तिथे हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणातून सगळ्यात गंभीर लेकरं येतात, बरीचशी शेवटच्या क्षणी. त्या बातमीने विचारायला हवा होता तो प्रश्न असा की ही लेकरं वाटेत कुठे कुठे थांबून आली.

कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही?

दूध ओढणं कमी झालं किंवा बंद झालं. लेकरू मलूल, रडणं क्षीण. अंग गार किंवा फार तापलेलं. मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते. झटके. बेंबीभोवती लाली किंवा पू. पहिल्याच दिवशी पिवळेपणा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, 102 किंवा 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत लेकरू छातीशी धरा आणि ओढत असेल तर पाजत राहा.

लेकराचं नावही ठेवलं नव्हतं. मग नोंद कशाची करायची?

हा प्रश्न मला एका आजीने विचारला होता. नाव नसलं तरी नोंद होते. जन्माचीही आणि मृत्यूचीही, दोन्ही करायच्या, 21 दिवसांच्या आत, ग्रामपंचायतीत. जन्मून एकदा जरी श्वास घेतला असेल तर ते लेकरू ‘उपजत मृत’ लिहू देऊ नका. तसं लिहिलं की ते जिवंत जन्मांतूनही जातं आणि मृत्यूंतूनही. त्या आजीच्या नातीची नोंद आम्ही अठराव्या दिवशी केली. नावाच्या जागी ग्रामसेवकांनी आडवी रेघ मारली आणि खाली आईचं नाव लिहिलं.